फ्रँक कॉब्डेन: एका षटकाच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रिकेटच्या जुन्या गोष्टींत 'कॉब्डेनचा सामना' असा उल्लेख येतो. १८७० साली लॉर्ड्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिज सामन्यात या माणसाने शेवटच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले आणि केंब्रिज दोन धावांनी जिंकलं. पुढे त्याचं काय झालं? एवढं करूनही तो इंग्लंडकडून का खेळला नाही? आणि अशा माणसाचं चरित्र लिहायचं ठरवलं तर साधनं मिळतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. साधनं मिळतात, खरं तर हवी त्यापेक्षा जास्त मिळतात. व्हिक्टोरियन काळात विद्यापीठाकडून खेळणारा मुलगा म्हणजे खात्यापित्या घरातला मुलगा. जन्मला की चर्चच्या वहीत नोंद, शाळेत गेला की शाळेच्या रजिस्टरात, पुढे कॉलेजच्या, लग्न झालं की वर्तमानपत्रात, वारला की मृत्युपत्रांच्या सूचीत. कागद त्याचा पिच्छा सोडत नाही. घोडं अडतं ते दुसरीकडेच. एवढ्या सगळ्या कागदांत क्रिकेट अगदी थोडं असतं, आणि आपण नेमकं क्रिकेट शोधायला निघालेलो असतो. मग लिहिणारा त्या तीन-चार उन्हाळ्यांना ताणून ताणून आयुष्यभर पुरवतो आणि उरलेली साठेक वर्षं एका वाक्यात गुंडाळून टाकतो. कॉब्डेनच्या बाबतीत हेच होत आलंय.

हाती असलेला सांगाडा असा. फ्रँक कॅरोल कॉब्डेन, जन्म ऑक्टोबर १८४९, नॉटिंगहॅमशायर. शाळा हॅरो, कॉलेज केंब्रिजचं ट्रिनिटी. वेगवान गोलंदाज. १८७०, १८७१ आणि १८७२ अशी सलग तीन वर्षं तो ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात खेळला, म्हणजे तीनदा 'ब्लू' झाला. मृत्यू डिसेंबर १९३२, उत्तर वेल्समधल्या कॅपेल क्युरिग गावी, वय ८३. ते प्रसिद्ध षटक टाकलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्या चार चेंडूंनंतर हा माणूस बासष्ट वर्षं जगला.

आता इंग्लंडचा प्रश्न. १८७० मध्ये कसोटी क्रिकेट अस्तित्वातच नव्हतं. पहिली कसोटी मेलबर्नला १८७७ मध्ये झाली आणि इंग्लंडच्या भूमीवरची पहिली ओव्हलला १८८० मध्ये. कॉब्डेनच्या तरुणपणी हौशी खेळाडूला मिळण्यासारखे मोठे मान दोनच होते: जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स, म्हणजे हौशी विरुद्ध व्यावसायिक, या सामन्यात निवड, आणि विद्यापीठाचा सामना. हा विद्यापीठ सामना १८२७ साली पहिल्यांदा झाला आणि १८३८ पासून दर वर्षी होऊ लागला. त्या काळच्या लंडनमध्ये तो नुसता खेळ नव्हता. मैदानाभोवती घोडागाड्या लागायच्या, घरातल्या बायका नवे कपडे घालून यायच्या, लग्नं जुळायची. त्या दोन-तीन दिवसांत जे घडेल ते शे-दोनशे घराण्यांच्या कायमचं लक्षात राहायचं. कॉब्डेनचं नाव टिकलं त्यात या प्रेक्षकांचा वाटा मोठा आहे. हेच षटक एखाद्या काउंटी सामन्यात पडलं असतं तर आज ते कुणाला ठाऊक नसतं.

सामना २७ आणि २८ जून १८७० चा, सोमवार-मंगळवार. त्या काळी लॉर्ड्सची खेळपट्टी कुप्रसिद्ध होती. चेंडू कधी घोट्याशी राहायचा, कधी कानशिलाकडे यायचा. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर नॉटिंगहॅमशायरचा जॉर्ज समर्स हा फलंदाज प्लॅट्स नावाच्या गोलंदाजाच्या उसळलेल्या चेंडूने डोक्याला मार लागून कोसळला आणि १९ जूनला वारला. समर्सनंतर फलंदाजीला आलेला रिचर्ड डाफ्ट डोक्याला टॉवेल गुंडाळून आला होता. विद्यापीठाची मुलं या मैदानावर उतरली ती ही बातमी ताजी असताना. समर्सकडे मी पुन्हा येणार आहे, त्याचं नाव लक्षात ठेवा.

केंब्रिजचा पहिला डाव १४७, ऑक्सफर्डचा १७५. दुसऱ्या डावात केंब्रिजची घसरगुंडी सुरू असताना विल्यम यार्डली आणि डेल यांनी डाव सावरला. यार्डलीने १०० केल्या. विद्यापीठ सामन्याच्या इतिहासातलं हे पहिलं शतक. डेलच्या ६७. एकूण २०६. ऑक्सफर्डला जिंकायला १७९ हव्या होत्या. कथबर्ट ऑटवेने एक बाजू लावून धरली, ६९ केल्या, आणि संध्याकाळ होता होता सामना ऑक्सफर्डच्या खिशात गेल्यासारखा झाला. सात बाद १७५. चार धावा हव्यात, तीन गडी हातात. कॉब्डेनच्या हातात चेंडू.

षटक तेव्हा चार चेंडूंचं असायचं. पहिल्या चेंडूवर हिलने जोरात फटका मारला. तो चौकारच जायचा, पण केंब्रिजचा क्षेत्ररक्षक बॉर्न याने अडवला आणि एकच धाव मिळाली. १७६. दुसऱ्या चेंडूवर बटलरने हवेत मारला आणि त्याच बॉर्नने झेल घेतला. तिसऱ्यावर बेल्चरचा त्रिफळा. चौथ्यावर स्ट्यूअर्टचा त्रिफळा. तिघेही शून्यावर. सर्वबाद १७६, केंब्रिज दोन धावांनी विजयी. ऑक्सफर्डच्या तोंडाशी आलेला घास चार चेंडूंत गेला.

इथे क्षणभर थांबून हिलकडे बघा. गोष्ट सांगताना त्याला सगळे विसरतात. तो जमलेला फलंदाज होता, १३ वर नाबाद राहिला. पहिल्या चेंडूवर एक धाव काढून तो दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून त्याने आपले तीन साथीदार एकामागोमाग बाद होताना पाहिले. स्ट्यूअर्टने तो शेवटचा चेंडू कसाही, पायाने, पॅडने, नशिबाने अडवला असता तर षटक संपलं असतं. पुढचं षटक पलीकडच्या टोकाकडून, म्हणजे फलंदाजीला हिल. जिंकायला तीन धावा, बरोबरीला दोन, आणि समोर जमलेला माणूस. बॉर्नने अडवलेला तो पहिला चेंडू त्यामुळे दुहेरी कामाचा ठरला. तीन धावा वाचल्या त्या वाचल्याच, शिवाय तळाची फलंदाजी कॉब्डेनसमोर आली. माझ्या मते त्या षटकातला सगळ्यात मोलाचा माणूस बॉर्न आहे. पण क्षेत्ररक्षकाच्या नावाने सामने ओळखले जात नाहीत.

आणि वॉर्ड? त्या डावात केंब्रिजच्या वॉर्डने २९ धावांत ६ गडी घेतले होते, तेही बरेचसे खऱ्या फलंदाजांचे. सामना कॉब्डेनपर्यंत पोहोचलाच नसता, जर वॉर्डने आधी मधली फळी कापली नसती. कॉब्डेनने ३५ धावांत ४ घेतले, त्यातले तीन तळाचे. घाम वॉर्डने गाळला आणि भाव कॉब्डेन खाऊन गेला. हे कॉब्डेनच्या विरोधात म्हणत नाही, दडपणाखाली तीन चेंडू सरळ टाकणं हेही कौशल्यच आहे. पण चरित्र लिहिणाऱ्याने त्या दिवसाचा नायक कोण हे सामन्याच्या नावावरून ठरवू नये. संपूर्ण धावफलक समोर ठेवावा, त्यातही गोलंदाजीचं पृथक्करण आधी वाचावं.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी, तेही पाहायला हवं. आज तिचं जे रूप सगळीकडे सांगितलं जातं ते मुख्यतः रॉबर्ट लिटल्टनने 'बॅडमिंटन' नावाच्या, खेळांवरच्या ग्रंथमालेतल्या क्रिकेटच्या खंडात केलेल्या वर्णनावरून आलंय. तो खंड १८८८ चा, म्हणजे सामन्यानंतर अठरा वर्षांनी निघालेला. लिटल्टन स्वतः केंब्रिजचा, त्याचे अनेक भाऊ केंब्रिजकडून खेळलेले. वर्णन अप्रतिम आहे, वाचताना श्वास रोखला जातो, आणि म्हणूनच सावध राहायचं. अठरा वर्षांत एखाद्या क्लबमध्ये एखादी गोष्ट किती वेळा सांगितली जाते आणि दर वेळी तिला किती पॉलिश चढतं, हे वेगळं सांगायला नको. तुम्ही आधी २८ आणि २९ जून १८७० ची लंडनची वर्तमानपत्रं वाचा. त्यांतलं वर्णन कोरडं असेल, पण धावा आणि क्रम त्यात जागच्या जागी असतील. लिटल्टन नंतर वाचा. दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे तुमच्या चरित्राची एक चांगली तळटीप तयार झाली असं समजा.

पुढची दोन वर्षं मी पटकन संपवतो. १८७१ मध्ये ऑक्सफर्डने उट्टं काढलं. ज्या बटलरचा झेल गेला होता त्याच सॅम्युअल बटलरने केंब्रिजच्या पहिल्या डावातले दहाच्या दहा गडी ३८ धावांत बाद केले, सामन्यात पंधरा, आणि ऑक्सफर्ड आठ गडी राखून जिंकलं. विद्यापीठ सामन्यातला हा पराक्रम कॉब्डेनच्या षटकापेक्षा कितीतरी मोठा आहे. तरी 'बटलरचा सामना' असं कुणी म्हणत नाही, कारण तो सामना चुरशीचा नव्हता. १८७२ मध्ये केंब्रिज डाव आणि १६६ धावांनी जिंकलं. यार्डलीचं पुन्हा शतक, आणि गोलंदाजीत पॉईसने सामन्यात १३ गडी घेतले. तिथे कॉब्डेनचं विद्यापीठ क्रिकेट संपतं.

आता मुद्द्याची गोष्ट. विद्यापीठाचं क्रिकेट हा त्या मुलांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता आणि होणारही नव्हता. हॅरो, ईटन, विंचेस्टर अशा शाळांत त्यांना पोरवयात चांगली मैदानं आणि पगारी प्रशिक्षक मिळायचे. केंब्रिजला गेल्यावर फेनर्सच्या मैदानावर सराव, तिथेही नेटमध्ये गोलंदाजी करायला पगारी व्यावसायिक. मे महिन्यात हंगाम सुरू, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला लॉर्ड्स, की संपलं. पदवी घेतल्यावर घरच्यांनी विचारायचं, आता पुढे काय? उत्तरं ठरलेली असत. चर्च, वकिली, लष्कर, शाळामास्तरकी, घरची जमीन, नाहीतर हिंदुस्थानातली नोकरी.

यातलं चर्चचं जरा नीट समजून घ्या, कारण अशा खेळाडूंपैकी फार मोठा हिस्सा पाद्री झालेला तुम्हाला दिसेल आणि तुम्ही त्याला श्रद्धेचं लक्षण मानाल. श्रद्धा असेलही. पण इंग्लंडात कित्येक गावच्या चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क खाजगी मालकीचा होता. तो हक्क एखाद्या जमीनदाराकडे असायचा, एखाद्या कॉलेजकडे असायचा, तो विकतही घेता यायचा. धाकट्या मुलाची सोय लावायला ही उत्तम व्यवस्था. राहायला मोठं घर, ठरलेलं उत्पन्न, आठवड्यात मोकळे दिवस. अशा पाद्र्यांनी गावोगावी क्रिकेट जिवंत ठेवलं हेही खरं. तेव्हा खेळाडूच्या नावापुढे 'रेव्हरंड' दिसलं की त्याला ते पद कुणी दिलं, हा प्रश्न विचारा. अर्ध्या वेळा उत्तरात मामा, सासरा किंवा जुना कॉलेज-मित्र निघतो.

शाळामास्तरकीचंही तसंच. निवासी शाळांना खेळ शिकवणारा मास्तर हवा असे आणि ब्लू मिळालेला पदवीधर त्यासाठी हातोहात घेतला जाई, मग त्याचं लॅटिन कसं का असेना.

१८७० च्या त्याच सामन्यातल्या माणसांचे रस्ते किती वेगवेगळे गेले पाहा. ऑटवे बॅरिस्टर झाला. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोमध्ये इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला, त्यात तो इंग्लंडचा कर्णधार होता. म्हणजे इंग्लंडचा पहिला फुटबॉल कर्णधार. आणि १८७८ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. यार्डली नाटकांच्या नादी लागला, लंडनच्या रंगभूमीसाठी प्रहसनं लिहू लागला. क्रिकेटच्या नोंदींपेक्षा नाटकाच्या जाहिरातींत त्याचं नाव जास्त सापडतं. अशा माणसाचं चरित्र क्रिकेटच्या कपाटात बसून लिहिता येणार नाही, हे उघड आहे.

आता समर्स. तोही नॉटिंगहॅमशायरचा, कॉब्डेनही जन्माने तिथलाच. वयात पाचेक वर्षांचं अंतर. एकाच महिन्यात, एकाच मैदानावर, एकाच खेळपट्टीवर दोघे खेळले. एक पंचविशीत मेला, दुसरा ८३ वर्षं जगला. पण मला सांगायचंय ते नोंदींबद्दल. समर्स व्यावसायिक होता, मोबदला घेऊन खेळणारा. त्या काळच्या धावफलकांवर हौशी खेळाडूच्या नावाला आद्याक्षरं किंवा 'मिस्टर' लागायचं आणि व्यावसायिकाचं नुसतं आडनाव छापलं जायचं. कॉब्डेन 'एफ. सी. कॉब्डेन' असतो, समर्स नुसता 'समर्स'. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, काही मैदानांवर आत यायची दारंही वेगळी. समर्सच्या थडग्यावरचा दगड एम.सी.सी.ने, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबने, आपल्या खर्चाने बसवला. त्याच्यासारख्या माणसाचं आयुष्य शोधायला गेलात तर बाप्तिस्म्याची नोंद, जनगणनेची एक-दोन पानं आणि मृत्यूच्या बातम्या एवढंच हाताला लागतं. कॉब्डेनला 'किरकोळ' म्हणताना हे विसरू नका. खेळाच्या हिशेबात तो किरकोळ असेल, कागदाच्या हिशेबात तो धनाढ्य आहे.

शोध कुठून सुरू करायचा? माझी पद्धत अशी की धावफलक बाजूला ठेवायचा आणि शाळेच्या रजिस्टरपासून निघायचं. हॅरोसारख्या शाळांची छापील रजिस्टरं आहेत, त्यांत वडिलांचं नाव आणि पत्ता असतो, कधी कधी पुढचा व्यवसायही. मग केंब्रिजसाठी व्हेन पितापुत्रांनी तयार केलेली विद्यार्थ्यांची सूची. तीत १९०० पर्यंत दाखल झालेल्यांच्या नोंदी आहेत. ऑक्सफर्डसाठी फॉस्टरची, १७१५ ते १८८६ मधल्या विद्यार्थ्यांची. कॉब्डेनचा शोध घेताना बटलर, बेल्चर, स्ट्यूअर्ट आणि हिल यांनाही फॉस्टरमध्ये पाहून घ्या. पाद्री असेल तर क्रॉकफर्डची निर्देशिका आहे, १८५८ पासूनची. कोणत्या साली कोणत्या गावी होता, हे त्यात वर्षवार लागतं.

विस्डेन हे क्रिकेटचं वार्षिक १८६४ पासून निघतंय, पण मृत्युलेखांचा विभाग त्यात १८९२ पासून आला. त्यामुळे ऑटवेसारखे आधी गेलेले लोक तिथे शोधण्यात अर्थ नाही. आणि जे आहेत त्यांचे मृत्युलेख म्हणजे बहुतेकदा जुन्या पराक्रमाची उजळणी. वयाच्या ८३ व्या वर्षी वारलेल्या माणसाबद्दल ते विसाव्या वर्षाचं बोलतात. तारखा घ्या, वयाची खातरजमा करा आणि पुढे चला.

खरं घबाड जनगणनेत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि शंभर वर्षांनी ती लोकांना खुली होते. १८७१ मध्ये कॉब्डेन विद्यार्थी. १८८१, १८९१, १९०१, १९११ ही पानं एकापुढे एक ठेवली की माणूस कुठे राहत होता, घरात कोण होतं, नोकर किती होते, स्वतःला तो काय म्हणवत होता, हे सगळं दिसतं. व्यवसायाच्या रकान्यात कुणी 'उत्पन्नावर उपजीविका' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर समजायचं की घरचा पैसा अजून पुरतोय. पुढच्या दशकात तो शब्द बदलला तर मधल्या काळात काहीतरी घडलंय. अशा वेळी दिवाळखोरीच्या सरकारी सूचना चाळायच्या, त्या लंडन गॅझेटमध्ये छापल्या जात. कुणाला खाली खेचायचं म्हणून हे करायचं नाही. १८७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात शेतीचं उत्पन्न कोसळलं आणि जमिनीवर जगणारी कैक घरं त्यात सापडली. खेळाडूंच्या आयुष्यातली वळणं बरेचदा तिथून सुरू होतात, खेळपट्टीवरून नाही.

१९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. कॉब्डेनच्या बाबतीत ती शेवटचीच, कारण १९३१ ची इंग्लंड-वेल्सची सगळी मूळ पानं १९४२ साली आगीत जळून गेली. त्यानंतर थेट १९३२ ची मृत्यूची नोंद आणि मृत्युपत्रांची राष्ट्रीय सूची. ही सूची १८५८ पासून सलग आहे. मागे किती रक्कम राहिली आणि ती कुणाच्या हाती गेली हे तीत असतं. विधवा, मुलगा, पुतण्या की वकील, यावरून घराचं चित्र पुष्कळ स्पष्ट होतं.

कॅपेल क्युरिगबद्दल थोडं. हे गाव एरीरीच्या, म्हणजे इंग्रज ज्याला स्नोडोनिया म्हणतात त्या डोंगररांगांच्या कुशीत आहे. गिर्यारोहक आणि मासेमारीचे शौकीन यांचा तिथे जुना राबता. गावातल्या एका हॉटेलाचं नाव 'कॉब्डेन्स' पडलं. हा धागा सोडू नका, पण नावावरून थेट निष्कर्षावर उडीही मारू नका. हॉटेल कोणी, कधी आणि कितीला घेतलं हे दारूच्या परवान्यांच्या नोंदी, स्थानिक निर्देशिका आणि जनगणना यांवरून ठरतं. मालकाचं नाव दारावर कधी लागलं आणि मालक तिथे राहायला कधी आला, या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर फुकट खुली केली आहेत, इंग्रजीही आणि वेल्शही. तिथे आडनाव आणि गावाचं नाव एकत्र टाकून शोधा. वेल्श मजकूर आला तर घाबरू नका, आडनाव तसंच्या तसं असतं.

एक सवय लावून घ्या. एकाच आडनावाची दोन माणसं एकत्र होणं ही या कामातली नेहमीची दुर्घटना आहे. कॉब्डेन म्हटलं की इंग्लंडात पहिल्यांदा मुक्त व्यापाराचा पुढारी रिचर्ड कॉब्डेन आठवतो, आणि जुन्या बातम्यांत दहापैकी नऊ उल्लेख त्याचे किंवा त्याच्या नावाच्या क्लबचे असतील. प्रत्येक नोंद वय, आद्याक्षरं आणि गाव यांपैकी किमान दोन खुणांनी पक्की झाल्याशिवाय वहीत घ्यायची नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी एक खरा दुवा सांगतो. १८७१ आणि १८७२ मध्ये ऑक्सफर्डकडून लॉर्ड हॅरिस खेळला, म्हणजे कॉब्डेन त्याच्याविरुद्ध मैदानात उतरला. हाच हॅरिस पुढे १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या सरकारी निवासाच्या मैदानावर तो क्रिकेट खेळत असे, आणि ऑगस्ट १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीच्या वेळी तो पुण्यात थांबल्याबद्दल त्याच्यावर कडक टीका झाली. इलाख्याचे (प्रेसिडेन्सी) युरोपियन-पारशी सामने त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाले. इलाख्याच्या नोकरशाहीत, लष्करात आणि व्यापारी कचेऱ्यांत असे विद्यापीठाचे माजी खेळाडू होते. कॉब्डेनसारखंच एखादं नाव तुम्हाला मुंबई जिमखान्याच्या जुन्या धावफलकावर आढळलं तर साधनं इथेही आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद. नोकरीत लागल्याची तारीख, रजा, बदली, पेन्शन, सगळं त्यात मिळतं. इलाख्याच्या दप्तराने माणसाची नोंद ठेवली ती कामासाठी, पण त्याचा खेळ रजेच्या अर्जातून डोकावतो.

लिहायला बसाल तेव्हा पानांचा हिशेब असा ठेवा, असं मी सुचवेन. लॉर्ड्सच्या त्या दोन दिवसांना एक प्रकरण, कारण वाचक त्यासाठीच येणार. हॅरो आणि ट्रिनिटीला एक. उरलेलं सगळं पुस्तक १८७२ नंतरचं. ते जमत नसेल, तर तुमच्याकडे चरित्र नाही, एका सामन्याचा लेख आहे. लेखही वाईट नाही. फक्त त्याला चरित्र म्हणून बाइंडिंग करू नका.

पहिलं पाऊल म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर १९२१ च्या जनगणनेच्या पानावर करा. ती १९ जूनच्या रविवारची आहे. त्या वर्षी पहिल्यांदाच माणूस कुणाकडे काम करतो आणि कुठे, हेही विचारलं होतं. त्या रात्री त्या छपराखाली जो जो होता त्याचं नाव त्यात आहे. घर असेल तर कुटुंबाचं, हॉटेल असेल तर पाहुण्यांचं आणि स्वयंपाकिणीचंही. तेव्हा एकाहत्तर वर्षांचा असलेला कॉब्डेन त्या यादीत कुठल्या ओळीवर आहे आणि त्याच्या नावापुढे व्यवसाय काय लिहिलाय, ते आधी वाचा. पुढचे प्रश्न त्यावरून ठरवा.